पूल टूर्नामेंटच्या पोस्टरवर बक्षिसाची रक्कम कशी लिहायची: पहिल्या हिशोबापासून पाकीट वाटेपर्यंत

हौशी पूल (लांब काठीने बॉल टेबलाच्या खळग्यांत पाडायचा खेळ) टूर्नामेंटमध्ये भांडणं टेबलावर कमी आणि पैसे वाटताना जास्त होतात. फाउल होता की नव्हता हे दोन मिनिटांत मिटतं, पण पोस्टरवर 'एकूण बक्षिसं २०,०००' वाचून लांबून आलेला पोरगा टूर्नामेंट जिंकतो आणि हातात ५,८०० पडतात, तेव्हा त्याला कितीही सांगा की अरे एन्ट्र्या कमी आल्या, बाकीचं खालच्या नंबरांना गेलं, त्याच्या डोक्यात एकच राहतं की ह्यांनी मधले खाल्ले. बहुतेक वेळा कुणी काही खाल्लेलं नसतं. आयोजकाने ३२ जण धरून आकडा छापलेला असतो, येतात २१, आणि पोस्टरवर ३२ हा आकडाच नसतो.

म्हणून खाली क्रमाने लिहिलंय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक पोस्टर आधी बनवतात आणि हिशोब टूर्नामेंटच्या दिवशी सकाळी करतात. आकडे नुसते समजायला घेतलेत, तुमच्या एन्ट्री फीप्रमाणे बदलून घ्या.

## १. आधी पैसा कुठून येतोय ते कागदावर वेगवेगळं लिहा

पोस्टरचा विचारही करू नका, एक कोरा कागद घ्या. त्यावर चार ओळी लागतात.

एन्ट्री फी: खेळाडू एकूण किती देणार. समजा ५००.

टेबल फी, काही ठिकाणी ह्यालाच ग्रीन फी म्हणतात: त्या ५०० मधले किती टेबल, लाइट, रेफरी, ट्रॉफी ह्यात जाणार. समजा ५०. म्हणजे प्रत्येक एन्ट्रीमागे बक्षिसात जाणार ४५०. ही फी एन्ट्रीच्या आतली आहे की वरून वेगळी घेणार तेही आत्ताच ठरवा, दारात उभं राहून ठरवू नका.

अ‍ॅडेड मनी: क्लब, आयोजक किंवा स्पॉन्सर बाहेरून किती टाकतोय. समजा ५,०००. अ‍ॅडेड म्हणजे खेळाडूंच्या खिशातून न आलेले पैसे, बस. काही जण टेबल फी गोळा करतात, तीच परत बक्षिसात टाकतात आणि 'अ‍ॅडेड' म्हणून छापतात. हे करू नका, नियमित खेळणाऱ्यांना हे लगेच कळतं आणि एकदा कळलं की तुमच्या पुढच्या पोस्टरवर कुणी विश्वास ठेवत नाही.

साइड पॉट: ब्रेक अँड रनचा जॅकपॉट (ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका, तो मारून समोरच्याला पाळी न देता डाव संपवणाऱ्याला मिळतो), सेकंड चान्सचा म्हणजे लवकर हरलेल्यांसाठीचा छोटा इव्हेंट, असलं काही असेल तर त्याचे पैसे. हे वेगळ्या डब्यात राहतात आणि एकूण बक्षिसात कधीही धरायचे नाहीत. खेळाडूंवर बोली लावून 'विकत' घ्यायचा प्रकार, ज्याला कॅलकटा म्हणतात, त्याचे पैसे तर बोली लावणाऱ्यांमध्ये फिरतात, ते टूर्नामेंटचं बक्षीस नव्हेच. शिवाय ते बऱ्याच ठिकाणी जुगारात मोडतं, तेव्हा कायदा बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तपासा: स्पॉन्सर म्हणाला 'देतो', तर ते पैसे हातात आलेत का? तोंडी शब्दावर आकडा छापायचा नाही. स्पॉन्सर क्यू (खेळायची काठी) किंवा बॅग देतोय तर ती वस्तू म्हणूनच लिहा, त्याची छापील किंमत बक्षिसाच्या रकमेत मिसळू नका, कारण पाच हजारांची क्यू जिंकणाऱ्याला पाच हजार मिळालेले नसतात.

महिला किंवा ज्युनियर खेळाडूंना एन्ट्रीत सूट देताय? मग त्यांच्या एन्ट्रीतून बक्षिसात किती जाणार तेही लिहून ठेवा. २५० घेऊन हिशोबात ४५० धरले की प्रत्येक एन्ट्रीमागे २०० चं भोक पडतं. नॉकआऊटमध्ये हरलेल्याला पैसे भरून परत घेत असाल तर ती रक्कम पूर्ण बक्षिसात जाणार की अर्धी, हेसुद्धा.

## २. हिशोब तीनदा करा: भरलेला हॉल, नेहमीचा दिवस, वाईट दिवस

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून करा. तीन आकडे घ्यायचे: जास्तीत जास्त किती, नेहमी किती येतात, आणि पाऊस पडला, दुसरीकडे दुसरी टूर्नामेंट लागली तर किती येतील.

३२ आले: ३२ × ४५० = १४,४००, अधिक ५,००० म्हणजे १९,४००.
२१ आले: ९,४५० अधिक ५,००० म्हणजे १४,४५०.
१२ आले: ५,४०० अधिक ५,००० म्हणजे १०,४००.

बघा, भरलेल्या हॉलचा आकडा वाईट दिवसाच्या जवळपास दुप्पट आहे. पोस्टरवर फक्त १९,४०० छापायचा (आणि तोही बहुतेक वेळा 'वीस हजार' म्हणून) हीच ती चूक जिच्यामुळे हा लेख लिहावा लागतोय.

आता ठरवायचं की ते ५,००० पक्के आहेत की एन्ट्रीप्रमाणे कमी होणार. काही क्लब '३२ एन्ट्रीवर ५,००० अ‍ॅडेड' असं ठेवतात, म्हणजे २१ आले तर त्या प्रमाणात साधारण ३,२८०. ह्यात चूक काही नाही, छोट्या क्लबला बारा जणांसाठी पाच हजार टाकणं परवडत नाही हे कुणीही समजून घेतं. पण मग '३२ एन्ट्रीवर' हे शब्द ५,००० च्या शेजारी, त्याच साइजमध्ये यायला पाहिजेत. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू' लिहिलंत तर त्याचा अर्थ लोक बरोबर घेतात.

तिसरा रस्ता म्हणजे किमान एन्ट्री: बाराच्या खाली आले तर टूर्नामेंट रद्द, पूर्ण फी परत. हा मला सगळ्यात सरळ वाटतो.

सावधान: 'गॅरंटी' शब्द हलक्यात वापरू नका. गॅरंटी १५,००० म्हणजे एन्ट्र्या कितीही कमी येवोत, १५,००० वाटायचेच, उरलेलं तुमच्या खिशातून. ४५० च्या हिशोबाने नुसत्या एन्ट्रीतून १५,००० जमायला ३४ खेळाडू लागतात, आणि तुमची मर्यादा ३२ ची असेल तर बाहेरचा पैसा नसताना ते कधीच जमणार नाहीत, हॉल भरला तरी ६०० घरून टाकावे लागतील. २० च आले तर ६,०००. जमणार असेल तर जरूर लिहा, गॅरंटीसारखी गर्दी दुसरं काही खेचत नाही, पण लिहिलं की पाळायचं.

## ३. फॉरमॅट पक्का करा, मगच बक्षिसं किती जणांना ते ठरवा

हे उलट केलं की गोंधळ ठरलेला. कारण किती बक्षिसं नीट बसतात हे ड्रॉ कसा आहे, म्हणजे मॅचची मांडणी कशी आहे, त्यावर अवलंबून असतं.

साध्या नॉकआऊटमध्ये सेमी हरलेले दोघं एकाच पायरीवर असतात. तिसऱ्या नंबरची वेगळी मॅच ठेवली नसेल तर 'तिसरं बक्षीस' कुणाचं? पोस्टरवर तिसरं आणि चौथं वेगवेगळं छापलंय, रात्र झालीय, आणि दोन हरलेले खेळाडू समोर उभे आहेत. तर नॉकआऊटला पायऱ्या अशा: पहिला, दुसरा, ३-४ सारखे, ५-८ सारखे.

डबल एलिमिनेशनमध्ये दोनदा हरल्यावरच खेळाडू बाहेर जातो, एकदा हरलेले लूझर साइडला आपसात खेळत राहतात. ह्या लूझर साइडमुळे तिसरा आणि चौथा आपोआप वेगळे होतात, पुढे ५-६ सारखे, ७-८ सारखे, मग ९-१२, १३-१६. म्हणजे 'टॉप ५ ला बक्षीस' असं डबल एलिमिनेशनमध्ये लिहूच नका, पाचवा एकटा कधीच नसतो.

फायनलचंही आधी ठरवा. लूझर साइडवरून आलेल्याने पहिला सेट जिंकला तर दुसरा सेट होणार, की एकाच सेटवर निकाल? पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात बराच फरक असतो आणि हा प्रश्न रात्री बारा वाजता कुणी विचारू नये असं वाटत असेल तर तो पोस्टरवर सोडवून टाका.

वेळेचा हिशोबही इथेच. ३२ जणांचं डबल एलिमिनेशन म्हणजे ६२ मॅच, फायनलचा दुसरा सेट झाला तर ६३. एक मॅच ४५ मिनिटांची धरली आणि ४ टेबलं असली तर सरळ भागाकारानेच बारा तासांच्या जवळ जातं, आणि सगळी टेबलं सतत चालू राहतात असं कधी होत नाही. मग अर्ध्यात कुणीतरी म्हणतं चला आता सरळ नॉकआऊट करू, आणि पायऱ्या बदलल्या की छापलेली बक्षिसं बसत नाहीत. वेळ पुरत नसेल तर खेळाडू कमी घ्या नाहीतर रेस (मॅच जिंकायला किती डाव जिंकायचे तो आकडा, रेस टू ५ म्हणजे आधी पाच) छोटी करा, पण पोस्टरच्या आधी.

## ४. वाटणीचा तक्ता बनवा आणि त्याच्या सांध्यांवर लक्ष ठेवा

साधारण चारातल्या एकाला काहीतरी मिळेल अशी वाटणी हौशी खेळाडूंना बरी वाटते. आपल्या उदाहरणात असं करता येईल:

१२ ते १६ एन्ट्री, ४ जणांना: ४५, २७, १७, ११ टक्के.
१७ ते २४ एन्ट्री, ६ जणांना: ४०, २५, १५, १०, आणि ५-६ ला प्रत्येकी ५ टक्के.
२५ ते ३२ एन्ट्री, ८ जणांना: ३५, २२, १४, ९, मग ५-६ ला प्रत्येकी ६ आणि ७-८ ला प्रत्येकी ४ टक्के.

तपासा: प्रत्येक ओळीची बेरीज १०० येते का. हसू नका, ५-६ चे टक्के एकदाच मोजून ९५ वर थांबलेले तक्ते छापले जातात.

तपासा: शेवटच्या बक्षिसात एन्ट्री फी तरी सुटते का. १९,४०० चे ४ टक्के म्हणजे ७७६, फी ५००, ठीक. फीपेक्षा कमी बक्षीस देण्यापेक्षा एक पायरी कमी करा आणि वर वाढवा.

आता सांधा, म्हणजे तक्त्याच्या एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जातो ती जागा. १६ एन्ट्री असताना एकूण १२,२००, त्याचे ४५ टक्के म्हणजे पहिलं बक्षीस ५,४९०. सतरावा खेळाडू आला की एकूण होतात १२,६५०, पण वाटणी सहा जणांची झाली, ४० टक्के म्हणजे ५,०६०. पैसे वाढले आणि पहिलं बक्षीस कमी झालं! २४ वरून २५ ला जातानाही तेच, ६,३२० चं ५,६८८ होतं. ह्यात लबाडी काही नाही, जास्त लोकांना वाटलं म्हणून वरचा वाटा कमी झाला. पण हा तक्ता आधी जाहीर केला नसेल आणि तुम्ही शेवटच्या क्षणी सतरावा माणूस घेतला, आणि तो नेमका तुमचा मित्र निघाला, तर मग समजावत बसा.

रकमा गोल करायच्या तर एकूण बेरीज बिघडू न देता करा. १९,४०० ची वाटणी ६,८००, ४,२५०, २,७००, १,७५०, दोघांना प्रत्येकी १,१५०, दोघांना प्रत्येकी ८००, बरोबर १९,४०० होतात. गोल करताना उरलेले सुट्टे आयोजकाकडे राहिले तर रक्कम कितीही छोटी असो, दिसायला वाईट दिसतं.

## ५. पोस्टरचा मजकूर

आता कुठे पोस्टर. डिझाइन करणाऱ्याला 'छान बनव' म्हणून सोडू नका, मजकूर तुम्ही लिहून द्या आणि सांगा की ह्यातला शब्द गाळायचा नाही, कारण डिझाइनवाला पहिली कात्री नेहमी अटींवर चालवतो आणि पहिला फुगा आकड्यावर. असा मजकूर चालेल (नाइन बॉल हा पूलचा एक प्रकार):

"नाइन बॉल, डबल एलिमिनेशन, रेस टू ५, फायनल एकच सेट रेस टू ७. जास्तीत जास्त ३२ खेळाडू, किमान १२, त्याखाली रद्द आणि पूर्ण फी परत. एन्ट्री ५००, त्यातले ४५० बक्षिसात, ५० टेबल फी, वेगळं काही नाही. अ‍ॅडेड ५,०००, एन्ट्री किती आल्या त्यावर अवलंबून नाही. पहिलं बक्षीस: १२ आले तर ४,७००, २१ आले तर ५,८००, ३२ आले तर ६,८००. बक्षिसं ४, ६ किंवा ८ जणांना, एन्ट्रीप्रमाणे, पूर्ण तक्ता नोंदणीच्या ठिकाणी. एन्ट्री सकाळी १० ला बंद. पैसे फायनलनंतर लगेच."

आकर्षक नाही? असू दे. '२०,००० ची बक्षिसं!!!' बघून पन्नास फोन येतात आणि त्यातले निम्मे तेच विचारतात जे पोस्टरवर नाही. वरचं वाचून फोन कमी येतात आणि येणारा माणूस ठरवून येतो.

मोठ्या अक्षरात एकच आकडा टाकायचाय तर अ‍ॅडेडचा टाका. तो तुमच्या हातात आहे, एन्ट्र्या तुमच्या हातात नाहीत. एकूण रक्कम टाकायचीच असेल तर 'अंदाजे' नको आणि 'पर्यंत' तर अजिबात नको, '३२ एन्ट्री आल्यास १९,४००' असं लिहा.

आणखी दोन गोष्टी ज्या बक्षिसाच्या वाटत नाहीत पण आहेत. एक, कोण खेळू शकतं. हौशी टूर्नामेंटमध्ये रेटिंगची मर्यादा असेल तर आकड्यात लिहा, कुठल्या यादीतलं आणि कुठल्या तारखेचं रेटिंग धरणार तेही. नुसतं 'प्रो नको' लिहिलं की प्रो कोण ह्यावर वाद आलाच, आणि मग पहिलं बक्षीस नेलेला माणूस पात्रच नव्हता असं दुसऱ्या दिवशी निघतं. हँडीकॅप, म्हणजे कमकुवत खेळाडूला दिलेली सूट, असेल तर तोही. दोन, शाळा-कॉलेजच्या किंवा काही संघटनांच्या खेळाडूंना रोख बक्षीस घेण्यावर बंधनं असू शकतात, त्यामुळे बक्षीस रोख आहे की व्हाउचर हे स्पष्ट लिहा. करकपात होत असेल तर छापलेली रक्कम कपातीआधीची की नंतरची, हेही.

तपासा: टूर्नामेंटशी काही संबंध नसलेल्या एका माणसाला पोस्टर दाखवा आणि विचारा, वीस जण आले तर जिंकणाऱ्याला साधारण किती मिळतील? त्याला सांगता आलं तर छापा. 'वीस हजार ना?' म्हणाला तर परत बसा.

## ६. पोस्टर बाहेर गेल्यावर

फोटो फॉरवर्ड होत राहतात, कापलेले, जुने, अर्धे. म्हणून पोस्टरच्या कोपऱ्यात तारीख टाका. काही बदललं तर जुनंच चित्र गुपचूप बदलू नका, नवीन तारखेने नवीन टाका आणि वर लिहा काय बदललं. ज्यांनी पैसे भरलेत त्यांना वेगळा मेसेज करा.

अ‍ॅडेड वाढलं तर सगळे खूश. कमी झालं, म्हणजे स्पॉन्सर पळाला, तर दोनच मार्ग: कमी पडलेले स्वतः भरा, नाहीतर ताबडतोब कळवा आणि ज्याला नको त्याला पूर्ण फी परत द्या. टूर्नामेंटच्या सकाळी 'अरे हो, एक सांगायचं राहिलं' हे चालत नाही, माणूस तोपर्यंत सुट्टी टाकून, प्रवास करून आलेला असतो.

## ७. त्या दिवशी

एन्ट्री दहाला बंद म्हणजे दहाला बंद. वर सांध्याचं बघितलंत ना, एक उशिरा घेतलेली एन्ट्री सगळी वाटणी बदलू शकते. पैसे भरून न आलेल्या खेळाडूची फी बक्षिसातच राहते आणि तो मोजणीत धरला जातो, हा नियम आधी सांगितलेला असावा.

एन्ट्री बंद झाली की पहिल्या ब्रेकच्या, म्हणजे पहिल्या फटक्याच्या, आधी फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर चार ओळी: एन्ट्र्या किती, एन्ट्रीतून किती, अ‍ॅडेड किती, एकूण किती. खाली प्रत्येक नंबरची रक्कम. कॅप्टनसारखे वागणारे दोन जुने खेळाडू असतातच, त्यांना बोलावून बेरीज करायला सांगा, त्यांच्यासारखे ऑडिटर फुकटात दुसरे मिळत नाहीत. मग फोटो काढून ग्रुपवर टाका.

हा कागद लावल्यानंतर आकडा बदलायचा नाही. ड्रॉ निघाल्यावर कुणी पळत आलं, 'मला घ्या ना, बाय रिकामाच आहे' (बाय म्हणजे समोर कुणी नसल्याने न खेळता पुढे जायची जागा), तर नाही म्हणा.

सावधान: फायनलचे दोघं बऱ्याचदा म्हणतात आम्ही पैसे अर्धे वाटून घेतो, खेळत नाही. ते चालणार का? माझं मत, वाटून घ्या पण मॅच खेळा, बघायला लोक थांबलेत. काहीही ठरवा, सकाळी सांगा. आणि लूझर साइडला पैशांच्या नंबरात पोचलेला खेळाडू न सांगता निघून गेला तर त्याचं बक्षीस राहतं की जातं, हेही त्याच घोषणेत.

## ८. पैसे देताना

पाकिटं आधी भरून ठेवा, फळ्यावरच्या क्रमाने, वर नंबर आणि रक्कम लिहून. सातवा-आठवा बाहेर पडला की त्याला तेव्हाच देऊन टाका, त्याला रात्रीपर्यंत का थांबवायचं. घेणाऱ्याची सही घ्या. ऑनलाइन पाठवत असाल तर समोरच पाठवा, 'उद्या करतो' नको.

साइड पॉटचा हिशोब वेगळ्या कागदावर. ब्रेक अँड रनचा जॅकपॉट कुणालाच लागला नाही तर तो पुढच्या वेळी जातो की आज वाटला जातो हे लिहिलेलं असेल तरच तो डबा उघडा.

शेवटी त्याच ग्रुपवर एक मेसेज: एन्ट्र्या २१, एन्ट्रीतून ९,४५०, अ‍ॅडेड ५,०००, वाटले १४,४५०, आणि नंबरप्रमाणे ५,८००, ३,६००, २,१५०, १,४५०, दोघांना प्रत्येकी ७२५. सकाळच्या फळ्याच्या फोटोखालीच टाका म्हणजे दोन्ही एकाखाली एक दिसतात. पुढच्या टूर्नामेंटच्या पोस्टरसाठी 'नेहमीचा दिवस' म्हणून कुठला आकडा घ्यायचा, तो इथून घ्या.